खर्ड्याच्या लढाईची शुद्ध प्रत

या मंडळी, जरा पुढे सरका. मागच्या आजी, तुम्हीही या. भिंतीला टेकायला जागा आहे. गोष्ट सांगतो ती एका बापाची, आणि अजून यायच्या काळातली.

मिरजेच्या चित्रसंशोधन शाळेत श्रीधरपंत खांबेटे आले ते लेकीचं चित्र छातीशी धरून. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात डोळे झिजवलेला माणूस. ऋजुता तेविसाव्या वर्षी तापाने गेली. मागे राहिलं हे एवढं तैलचित्र. खर्ड्याच्या लढाईचं जुनं चित्र समोर ठेवून, रंग शिकता शिकता तिने केलेली नक्कल.

"डॉक्टरबाई, तिचा हात पुन्हा हाती लागेल म्हणतात, ते खरं?"

"काका, तैलरंग वाळला तरी कुंचल्याचे वळ राहतात," डॉ. इरावती पेडणेकर म्हणाल्या. "आमचं लेपवाचक यंत्र ते वाचतं. हात कुठे वळला, किती दाबला, कुठे थबकला. तीच हालचाल हा हस्तबोधक हातमोजा तुमच्या हाताला देतो. तुम्ही चित्र शिकाल ते तिच्या हाताने. पण वाचताना किरणाने रंग मऊ होतो, वळ सपाट होतात. वाचन एकदाच."

"एकदा पुरे."

वाचन झालं. शाळेत आधीच नोंदलेल्या मूळ चित्राशी ताडून यंत्राने पडद्यावर एकशे बारा लाल खुणा केल्या. तिथे तिथे ऋजुताचा हात चुकला होता.

"हा घोडा बघा, हसतोय! ऐन लढाईत!" इरावतीबाई हसून म्हणाल्या.

पंतांनाही हसू फुटलं. "लहानपणापासून तशीच. घोडा काढ म्हटलं की आधी दात." पण बोट आपसूक पडद्याकडे गेलं. दिसलेली चूक सोडणं त्या बोटाला जन्मात जमलं नव्हतं. "काढा सगळ्या. माझ्या पोरीची प्रत शुद्ध असू दे."

यंत्र शिकवण्यासाठीच होतं. चुका गाळून त्या जागा मुळाबरहुकूम करणं इरावतीबाईंना रोजचंच. "कच्ची नोंद ठेवू ना?"

"छे! शुद्ध प्रत निघाली की कच्ची फाडायची, हा छापखान्याचा नेम. नाहीतर नेमकी तीच छापली जाते."

नोंद पुसली गेली. हरी हरी! माया माणसाच्या हातून काय काय करवून घेते.

मग पंत रोज सकाळी मोजा चढवून बसू लागले. जवसाच्या तेलाचा वास, आणि हात आपोआप चाललेला. धूळ उठली, भाले उठले, निजामाचे हत्ती उभे राहिले. "आज तिने मनगट घट्ट धरलं होतं हो," असं येईल त्याला सांगायचे. आठ महिन्यांनी चित्र पुरं झालं.

त्याच दिवशी मूळ चित्रावरून नोंदलेला दुसरा मोजा शेजारच्या टेबलावर पडला होता. पंतांनी सहज घालून पाहिला. दहा-बारा फटकारे मारले आणि थांबले. आपला मोजा घातला. पुन्हा तो घातला.

"बाई, दोन्ही एकच आहेत. तोच दाब, तीच वळणं. ऋजुता कुठाय?"

इरावतीबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "काका, ती नक्कल करत होती. जिथे बरोबर आलं, तिथे हात त्या जुन्या चित्रकाराचा. जिथे नाही आलं..."

"ते मी काढलं."

"मी तुम्हाला थांबवायला हवं होतं."

पंतांनी लेकीच्या चित्रावर तळवा ठेवला. किरणाखालून गेलेला रंग काचेसारखा गुळगुळीत. बोटं फिरत राहिली, कुठेच अडली नाहीत.

मायबापहो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा ऋजुता श्रीधर खांबेटे हे नाव एकदा घ्या. जशी होती तशी आठवा. तिचं काही सुधारू नका.