उसनी छाती

माझं कोणी ऐकलं नाही. डॉक्टरने नाही, फादरने नाही, सख्ख्या बहिणीनेही नाही. चौथी शिकलेली बाई, तिला एक्स-रेतलं काय कळतं, म्हणाले. नसेल कळत. माझ्या नवऱ्याचं अंग मला कळतं. तेवढ्यावरच सांगते.

अठ्ठ्याण्णव साल. मस्कतच्या बाजूला गाला म्हणून भाग आहे, सगळी गॅरेजं. त्यांच्या मागे एक लहान दवाखाना होता, तिथे मी झाडलोट करायची आणि पेशंटांचे गाऊन धुवायची. माझा नवरा ॲम्ब्रोज समोरच्या गॅरेजात गाड्यांना रंग मारायचा. आम्ही दोघं वसईची. तिथे राहायची परवानगी वाढवायची म्हणजे छातीचा फोटो आलाच. फोटोत टीबीचा डाग निघाला की माणसाला परत घरी पाठवायचे.

दुपारी जेवून तो हात पुसत आला. मी म्हटलं, "शर्ट काढ, गळ्यातलं काढ." अंगावर धातू असला की फोटोत पांढरा उमटतो. त्याने क्रूस काढून माझ्या मुठीत दिला. छाती उघडी. मी स्वतः बघितली.

फोटो काढणारा जनार्दन, चिपळूणचा. थोड्या वेळाने तो अंधारखोलीतून ओली फिल्म घेऊन आला आणि उजेडाच्या पेटीवर धरली. औषधाचा आंबट वास सुटला.

"फ्लावियाताई, तावीज काढायला काय झालं होतं?"

"कसलं तावीज? आम्ही क्रिस्तांव माणसं."

"मग हे काय, चर्चची घंटा?"

फासळ्यांच्या मधोमध एक छोटी पांढरी नळी, दोन्ही टोकांना कड्या. आणि वर, उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला, पिंजलेल्या कापसासारखा डाग.

पुन्हा काढला. मी दाराबाहेर उभी होते. आतून जनार्दनचा आवाज, "श्वास घ्या... रोखा." एसीची घरघर. मग कोणीतरी खोकलं. ओला, खोल खोकला, विहिरीतून आल्यासारखा.

"खोकू नका हो."

"मी... मी नाही खोकलो."

दुसऱ्या फोटोतही नळी होती. फक्त बोटभर सरकलेली. खोकल्यावर गळ्यातलं हलतं तशी.

तेव्हा मी पेटीच्या जवळ गेले. लग्नाआधी ॲम्ब्रोज ताडावरून पडला होता. डाव्या बाजूचं गळ्याखालचं आडवं हाड मोडून वाकडं जुळलं, तिथे सुपारीएवढी गाठ. आभाळ आलं की ती दुखायची आणि मी तेल लावून चोळायची. जनार्दननेच मला मागे सांगितलेलं, मोडून जुळलेलं हाड फोटोत जन्मभर दिसतं. इथे दोन्ही हाडं सरळ होती. पट्टीने आखल्यासारखी.

"हा माझा नवरा नाही," मी म्हटलं.

"मग काय, दीर आहे?" जनार्दन हसला.

ॲम्ब्रोज हसला नाही. तो स्टुलावर बसला, नजर त्या नळीवर.

"फ्लाविया... उस्मान."

उस्मान मला माहीत होता. हर्णैचा पोरगा, त्याच गॅरेजात पत्रा ठोकायचा. मी दवाखान्याच्या खोलीत राहायची, हा गॅरेजच्या कामगारांच्या कॅम्पात; तिथे तो ह्याच्या बाजूच्या खाटेवर झोपायचा. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचं तावीज. बारा महिने खोकायचा. मागल्या वर्षी त्याची फोटोची पाळी आली तेव्हा बहिणीचं लग्न ठरलं होतं, परत जाऊन चालणार नव्हतं. तो ह्याच्या पायाशी बसला, "भाई, एकदा तुझी छाती दे." दुसऱ्या दवाखान्यात, जिथे ह्याला कोणी ओळखत नव्हतं, कार्ड उस्मानचं आणि उभा राहिला हा. खिडकीवर तोंड बघतो कोण? कॅम्पातली पोरं असं करायची, कोणाला पाप वाटायचं नाही.

रिपोर्ट स्वच्छ आला. आणि ते येडं स्वतःच त्यावर विश्वासून बसलं. बघा, मला काही नाही म्हणून सगळ्यांना दाखवत फिरलं. औषध घेतलं नाही. रमजानच्या आधी गेला. तिथेच पुरला.

"तो आता माझ्या जागी उभा राहतोय," ॲम्ब्रोज हळू म्हणाला. "फेडतोय..."

मी डॉक्टरकडे गेले, टेबलावर हात आपटला. हाड बघा म्हटलं, माणूस बघा, बोट लावून बघा. डॉक्टरने मान वर केली नाही. "बाई, फिल्म खोटं बोलत नाही," म्हणाला आणि लिहून टाकलं. त्याच आठवड्यात आम्हाला विमानात बसवलं.

वसईला आलो. श्रावणात आभाळ भरून आलं तशी मी तेलाची वाटी घेऊन त्याच्या पाठीमागे बसले, नेहमीसारखी. खांद्यावरून हात पुढे नेला. बोटं सर्रकन घसरत गेली. पुन्हा फिरवली. गाठ नव्हती. हाड सरळ, गुळगुळीत.

"दुखतं का रे?" मी विचारलं.

तो खोकला. तोच खोकला, विहिरीतला.

लोक विचारतात, दोष देतेस कोणाला. डॉक्टरला शिव्या घालून झाल्या. मेलेल्या पोराला काय बोलू, त्याने मागितली. ज्याने आपली छाती उसनी दिली आणि परत घ्यायची राहिली, त्यालाच मी दोष देते. घरात त्या नावाने हाक मारली तर आता कोणी वळून बघत नाही. तरी मी मारते. ॲम्ब्रोज.