सोंड टेकण्याआधी

ढगाचं पोट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच मासेमारीला गेलेल्या गावच्या होड्यांना माघारी बोलवायचं, एवढ्यासाठी त्या दुपारी प्रतीक्षा घिवलीहून समुद्रात निघाली होती. वादळांवर नजर ठेवणं हे तिचं काम. पण त्या महिन्यात तिच्या शब्दावर गाव दोनदा जाळी सोडून पळालं, आणि दोन्ही वेळा वादळाने कुणाची टोपीसुद्धा उडवली नाही! "बोईसरहून आणलेली सून, लांडगा आला रे!" म्हणत बायका बाजारात टाळ्या देऊन हसल्या. आता तिसऱ्यांदा चुकली, तर खऱ्या वादळातही कुणी मागे वळणार नव्हतं. आणि आज तिचा नवरा दर्पण त्याच होड्यांत होता.

सुकाणूवर सासरे होते, तांडेल शांताराम. पुढे खलाशी जिवल्या, डोंगरातल्या पाड्यावरचा, होडीवर सतत गाणारा. वाटेत त्यांनी स्वतःचं जाळं ओढायला घेतलं. नवंकोरं होतं ते. सासूबाईंनी, मैनाबाईंनी, अख्खा पावसाळा ओटीवर बसून विणलेलं. बोंबलांनी तट्ट भरलं होतं!

तेवढ्यात जिवल्याचं गाणं थांबलं.

पश्चिमेला काळ्या ढगाचं पोट गरगरत होतं. त्यातून एक करडी सोंड खाली लोंबली, आखडली, पुन्हा लोंबली.

"मामा, वायरलेसवर सांगा. आत्ता!" प्रतीक्षा सासऱ्यांना म्हणाली.

"सोंड पान्याला टेकली का? नाय ना? मंग थांब. टेकल्याबिगर ओरडलीस, तर तुला गावात तोंड दाखवायला जागा नाय राहनार, पोरी."

"टेकल्यावर पळायला वेळ कुठाय? खाली बघा. पाणी गोल फिरतंय!"

शांतारामांनी डोळे बारीक केले. खरंच, सोंडेच्या खाली समुद्रावर एक काळसर कडं फिरत होतं. पण त्यांचा हात वायरलेसकडे गेला नाही, कोयत्याकडे गेला.

भरलेलं जाळं होडीला बांधलेलं असताना पळता येत नाही; दोर तोडावाच लागतो. आणि गावचा रिवाज असा, की वडील तांडेलाने आपलं जाळं तोडल्याशिवाय दुसऱ्याला तोड म्हणायचं नाही.

"मामा, आईंचं जाळं..." प्रतीक्षा पुटपुटली.

"जाळं तिचं, तसा पोरगाही तिचाच."

खटाक्! दोर तुटला. होडी उसळली. मग ते वायरलेसवर गरजले, "शांताराम बोलतंय! मी माझं जाळं तोडलं! समदे घराकडं फिरा!"

क्षणभर नुसती खरखर. मग एकेक आवाज: तोडलं! तोडलं! शेवटी दर्पणचा, "बाबा, तोडलं! प्रतीक्षा हाय ना बरोबर?"

ती "हो" म्हणाली आणि सोंड टेकली!

पाणी उभं राहिलं. वाऱ्याने ताडपत्री फाडली. जिवल्या गुडघ्यांवर बसून ओंजळीने पाणी उपसत होता आणि देवांना नावानिशी हाका मारत होता. शांतारामांनी होडीची पुढची नाळ लाटेला भिडवली. एकदा! दोनदा! प्रतीक्षा एका हाताने काठ आणि दुसऱ्याने सासऱ्यांचा सदरा धरून बसली. सोंड त्यांच्या अगदी जवळून गेली, बाकीच्या होड्यांच्या दिशेने वळली, आणि वाटेतच पातळ होत विरून गेली.

बंदरावर सगळ्या होड्या आल्या होत्या. दर्पण धावत आला आणि चारचौघांत तिचा हात धरून उभा राहिला.

"आमच्यापर्यंत तर आलंच नाय," कुणीतरी कुरकुरलं. "फुकट जाळी गेली!"

प्रतीक्षाची मान खाली गेली. आपण तिसऱ्यांदा चुकलो की काय, हे तिचं तिलाही कळेना.

मैनाबाईंनी रिकामी होडी पाहिली. "पोरं आली ना समदी?"

"आली. पण आई, तुमचं जाळं..."

घरी गेल्यावर मैनाबाईंनी सुताचं नवं बंडल सोडलं, विणायची एक सुई आपण घेतली, दुसरी सुनेच्या हातात ठेवली.

"बस माझ्यासंगती. गाठ पक्की मार," त्या म्हणाल्या. "आनि तोडायची येल आली, तर हात आखडू नको."