शनिवारचं अत्तर

इंदूरच्या राजवाड्यासमोर बेबीचा श्वास अडकला आणि मी भर गर्दीत, एका बांगडीवाल्याच्या दुकानापुढे, तशीच खाली बसले. तिला मांडीवर आडवी करणार, तेवढ्यात वरून आवाज आला —

"आडवी नका करू! बसवा. जरा पुढे वाकवून... हां, अशी."

मी मान वर केली. एका हाताने सायकल सावरत एक तरुण उभा होता. बघ्यांना तो मागे सारत होता. "हटो भिया, बच्ची को हवा लगने दो! तमाशा आहे का?" मग माझ्याकडे वाकून, एकदम हळू, "तुम्ही घाबरू नका. तुमच्याकडे बघून ती जास्त घाबरेल."

"मी कुठे घाबरलेय?"

"मग माझी बाही सोडता का? टांगा बोलवायचाय."

मी खाली बघितलं. त्यांची बाही माझ्या मुठीत चुरगळली होती!

त्यांचं नाव उदयसिंह. तुकोगंजातल्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. टांगा तिकडेच नेला. बेबी माझी धाकटी बहीण, मला जीजी म्हणायची. ती मांडीवर होती तेव्हाच आई गेली, म्हणून तिची आईही मीच. तिची छाती वाजायला लागली की उठायचं मी, पाठ चोळायची मी. आलेली स्थळं मी याच कारणाने परत पाठवली होती. मी सासरी गेले तर हिच्याजवळ कोण बसणार?

डॉक्टरसाहेबांनी इंजेक्शन दिलं. बेबीचा चेहरा सैल पडला, तसे ते म्हणाले, "दवा माझ्याकडे आहे. पण पोरगी माझ्याकडे घटकाभर असते आणि तुमच्याकडे रात्रंदिवस. तिचा दमा कशाने उठतो, ते तुम्ही मला सांगायचं. घरातल्या सगळ्यांनी मिळून. एकट्या बहिणीचं हे काम नाही."

असं आम्हाला आधी कोणी म्हटलंच नव्हतं. आमचं काम फक्त पुडी बांधून घ्यायचं, असंच आम्ही समजत होतो.

मग डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यावरून दर शनिवारी उदयसिंहजी मल्हारगंजात आमच्या घरी यायला लागले. सगळ्यांना गोल बसवायचे आणि विचारायचे, "या हफ्त्यात बेबीला कधी त्रास झाला? त्याच्या आधी घरात काय झालं होतं? खरं सांगायचं. कोणी कोणाला बोलणार नाही."

आबा, म्हणजे माझे वडील, होळकरांच्या रिसाल्यातले, घोडदळातले शिपाई. मध्यभारताचं राज्य झालं आणि रिसाला मोडला, पण मिशी तशीच ताठ होती. खाली बघत ते पुटपुटले, "माझ्या बिडीचा धूर... असेल."

"ओट्यावर ओढाल, आबासाहेब?"

"ओढीन. पोरीसाठी काय, ओट्यावर राहायलाही जाईन."

आनंदी आत्या मात्र उसळल्या. "माझ्या देवाचा धूप बंद करायला सांगू नका हं!"

"बंद कशाला, आत्याबाई? तुम्ही देवाजवळ असाल, तेव्हा आबासाहेब बेबीला ओट्यावर नेतील. धूर गेला की आत."

"आणि ते तिथे बिडी ओढतील!"

"तेव्हा नाही ओढणार," आबा घाईने म्हणाले, आणि सगळे हसलो. मीही. हसता हसता माझी नजर वर गेली, तर उदयसिंहजी माझ्याकडेच बघत होते... ते घाईने बेबीची नाडी शोधू लागले. चुकून स्वतःच्याच मनगटावर!

हळूहळू घर बदललं. आत्या वेळेवर गोळी द्यायला शिकल्या. दम लागला की बेबीला कसं धरून बसायचं, ते आबा शिकले. मी रजया झटकायला परसात न्यायला लागले. बेबी सागरगोटे खेळायला लागली. फक्त एक दिवस वाईट जायचा — शनिवार. उदयसिंहजी गेले की संध्याकाळी तिच्या गळ्यात शिटी वाजायचीच.

"त्या कंपाउंडरचा पायगुण," आत्या म्हणाल्या.

आबांनाही ते पटू लागलं. "या शनिवारी त्याला सांगून टाकतो. नको येऊस म्हणावं."

मी रजईची घडी घालत राहिले. काय बोलणार? बेबीचा श्वास एकीकडे, आणि दुसरीकडे... दुसरीकडे जे होतं, त्याला मी अजून नावही दिलं नव्हतं.

शनिवार आला. सगळे गोल बसलो. आबा खाकरले. पण उदयसिंहजींनी नेहमीसारखं आधी विचारलं, "बेबी, तू सांग. तुला कशाने त्रास होतो?"

बेबीने नाक चोळलं. "तुमच्या वासाने, कंपाउंडर भिया."

आबा पुढे सरकले, उदयसिंहजींच्या कानाजवळ नाक नेलं. "हिनाचं अत्तर! कानात फाया आहे याच्या!" मग मिशीवर हात ठेवून, "खरं सांगायचं असा तुमचाच नियम आहे. दवाखान्यात अत्तर लावून बसता?"

"नाही, आबासाहेब."

"रोज लावता?"

"नाही... शनिवारी."

"का? दर शनिवारी आमच्याकडे लग्न असतं का?" आत्यांनी विचारलं.

उदयसिंहजींचे कान लालबुंद झाले. ते उठले, परसातल्या नळावर गेले. मी साबण घेऊन मागे गेले — साबण द्यायलाच. ते कान घासत होते, खसाखसा.

"पोरीला त्रास मीच देत होतो," ते म्हणाले. "आणि कशापायी... तुम्ही एकदा तरी वळून बघावं, म्हणून."

"मी तर राजवाड्यासमोरच बघितलं होतं," मी म्हणाले. "तेव्हा कुठे अत्तर होतं?"

साबण त्यांच्या हातातून निसटला.

पण मी पुढे म्हणाले, "बेबीला सोडून मी कुठे येऊ शकत नाही..."

"सोडायला कोण सांगतंय?" मागे आत्या उभ्या होत्या, कधीच्या कोण जाणे. "गोळी मला देता येते. बसवायला तुझे आबा आहेत. पोरगी आता एकट्या तुझी राहिली नाही, प्रेमलता. आम्हा सगळ्यांची आहे. आणि हा तुकोगंज काय विलायतेत आहे?"

मी नळाशीच रडले. इतकी वर्षं खांद्यावर असलेलं ओझं दुसऱ्या हातांनी असं अलगद उचलून घेतलं की माणूस रडतंच.

आमच्या लग्नात अत्तर-गुलाब नव्हतं. दारात आबा रिसाल्याच्या पगडीत पहाऱ्याला उभे, येणाऱ्या प्रत्येकाचा वास घेत! अत्तर निघालं की पाहुणा, मग तो व्याही का असेना, आधी नळावर. लोक हसले, रुसले, पण कान धुऊन आत आले. आणि अंतरपाट खाली गेला तेव्हा बेबी छाती भरून ओरडली, "जीजी, इकडे बघ!" त्या आवाजात शिटी नव्हती.

पुढे बेबी मास्तरीण झाली. मला अक्षरं तिनेच शिकवली, माझे केस पिकल्यावर. म्हणून हे लिहितेय. डॉक्टरसाहेब, आबा, आत्या — सगळ्यांचं देणं आहे माझ्यावर, आणि ते फेडावंसंही वाटत नाही. असू दे.

आता शेजारी हे बसलेत, काय लिहितेय म्हणून डोकावतायत. यांच्या कानामागे अजूनही साबणाचा वास येतो. इंदूरचं कुठलंच अत्तर मला इतकं आवडलं नाही.