पानाची डावी बाजू

हिरण्यगड माध्यमिक विद्यालयाच्या चित्रप्रयोगशाळेत नववी 'ब'चा निकाल लागला, तेव्हा नक्कल करताना एकच विद्यार्थी सापडला. तो दोनशे वर्षांपूर्वी वारला होता.

यंत्राला त्याचं काही वाटलं नाही. नियमाप्रमाणे त्यानं पालकांना संदेश धाडला : 'आपला पाल्य दौलत चितारी, रोल नंबर शून्य, याने वर्गातील विद्यार्थिनीच्या चित्राची नक्कल केल्याचे आढळले आहे. कृपया समक्ष भेटावे.' पालकाच्या रकान्यात शहरातल्या दरबार संग्रहालयाच्या संचालकांचा नंबर होता. डॉ. विश्राम पाटणकरांनी संदेश वाचला आणि ते लगेच निघाले.

रोल नंबर शून्य कुठून आला, ते सांगायला हवं. कलेचा इतिहास सक्तीचा झाल्यापासून नववीच्या प्रत्येक मुलाला एका अभिजात चित्राचं पुनर्कल्पन करावं लागे. म्हणजे जुन्या चित्रात काय आहे ते नीट पाहायचं, मग त्याला आपला एखादा प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर रंगवायचं. कुणाच्या पुनर्कल्पनात किती कल्पना आणि किती नक्कल, हे ठरवायला मंडळानं शाळांना वंशमापक नावाचं यंत्र दिलं होतं. रोल नंबर नसलेलं चित्र हे यंत्र आत घेत नसे. म्हणून मूळ चित्र भरताना कलाशिक्षिका पद्मजा कुंभोजे यांनी चित्रकारालाच वर्गात प्रवेश दिला. हजेरीत त्याचं नाव रोज पुकारलं जाई, आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी रोज त्याच्या वतीनं 'हजर' म्हणे.

मूळ चित्र म्हणजे 'राजपंगत'. हिरण्यगडची सगळी ऐट या चित्रावर. दरबारातली मंडळी ओळीनं पाटावर बसून केळीच्या पानावर जेवतायत आणि सगळे डाव्या हातानं जेवतायत. फक्त पंगतीच्या टोकाचा एक तरुण सरदार उजव्या हातानं. डॉ. पाटणकरांनी यावर प्रबंध लिहिला होता. त्यांच्या मते ही रूढीविरुद्धची डावी बंडखोरी होती आणि टोकाचा सरदार हा रूढीपुढे मान तुकवणारा 'शरणागत'. त्याच्या अंगरख्याच्या बाहीवर एक पिवळा डाग होता. तो पश्चात्तापाचा रंग आहे, असं पाटणकरांनी सिद्ध केलं होतं. क्रमिक पुस्तकात हे सगळं आलं होतं आणि पाच गुणांना हमखास येई.

"तुझं यंत्र बिघडलंय," कुंभोजे मॅडम म्हणाल्या.

यंत्राचे जनक डॉ. अभिनंदन मगदूम समोर चहा घेत होते. दोघं एकाच कॉलेजात होते, त्यामुळे मॅडम त्यांना डॉक्टर म्हणत नसत.

"बिघडलं नाही," मगदूम म्हणाले. "तू पेपर तपासतेस ना? समज, तीन पोरांनी पन्हाळ्याचं स्पेलिंग एकसारखं चुकवलंय. तुला काय कळतं?"

"एकमेकांचं बघून लिहिलंय."

"बरोबर उत्तर तिघांना स्वतंत्रपणे येऊ शकतं. तीच विचित्र चूक तिघांना स्वतंत्रपणे येत नाही. आता त्यातल्या एकाच्या पेपरात तीच चूक आहे आणि वर आणखी एक. म्हणजे त्यानं चुकलेल्याचं बघून लिहिलं. नक्कल करताना चुका वाढत जातात, आपोआप कमी होत नाहीत. चुकांचा माग काढत उलटं गेलं की आई सापडते. एवढंच करतं ते. चित्रांची वंशावळ काढतं."

"आणि वंशावळीत दौलत चितारी आमच्या केतकीचा मुलगा?"

"मुलगा म्हणजे, तिच्या चित्राखाली आलाय. केतकीचं चित्र मुळाशी बसतंय. अगदी मुळाशी, म्हणजे बदल काहीच नाही. म्हणून तिला पुनर्कल्पनाचे शून्य गुण."

मॅडमनी पेला खाली ठेवला. शून्याचं त्यांना आत्ताच कळत होतं. केतकी सरनोबत ही वर्गातली सगळ्यांत चांगली चित्र काढणारी मुलगी. राज्य चित्रशाळेच्या पहिल्या यादीला प्रकल्पाचे गुण लागत आणि यादी शनिवारी बंद होणार होती.

"बाकीच्यांनी काय काढलंय बघ तरी," त्या म्हणाल्या. "विराजनं सगळ्यांना डायनासोर केलंय. त्याला एक्याण्णव."

"डायनासोरचा हात तोंडापर्यंत पोचत नाही. त्यामुळे ते एकमेकांना भरवतायत. सगळी मांडणीच बदलली. विचार केलाय पोरानं."

हे खरं होतं. वंशमापक फक्त मांडणी मोजे : कोण कुठे आहे, कोणत्या हातानं काय करतो, त्याचा शेजाऱ्यावर काय परिणाम होतो. चेहरे आणि कपडे, त्यांवर काही सांडलेलं सोडून, त्यातून मुद्दाम वगळले होते. पहिल्या वर्षी ते मोजले जात, तेव्हा जिल्ह्यातल्या निम्म्या मुलांनी मूळ चित्राला गॉगल लावून पैकीच्या पैकी मिळवले होते.

केतकीला बोलावलं. ती आली आणि दाराशीच उभी राहिली. तिच्या डाव्या तळव्याच्या कडेला नेहमीसारखी शाई पुसटलेली होती. डावखुरं माणूस लिहीत जातं तसं स्वतःचं लिखाण पुसत जातं. पाठोपाठ डॉ. पाटणकर आले. पालकांनी बसायच्या बाकावर कुणीतरी 'पालक' असं लिहिलेलं होतं. ते वाचून ते तिथेच बसले.

मगदूमांनी केतकीला विचारलं, की तू सगळ्यांना उजव्या हातानं का जेवायला लावलंस.

 उत्तर तुकड्यातुकड्यानं आलं आणि बरंचसं मॅडमकडे पाहत. 'राजपंगत' ती तिसरीत असल्यापासून बघत होती. प्रत्येक लग्नात तिच्या पानावर कुणी ना कुणी थांबून म्हणे, अगं, उजव्या हातानं जेव. एका काकूंनी तर तिचा डावा हात धरून ठेवून तिला जिलेबी भरवली होती. आणि इथे एक अख्खी पंगत तिच्यासारखी जेवत होती, राजासकट. संग्रहालयात सहल गेली, की ती त्या चित्रापुढेच बसून डबा खाई. त्या टोकाच्या शरणागताकडे मात्र ती बघायचीच नाही. फितूर म्हणून.

"मग यंदा प्रकल्पासाठी पानं काढायला घेतली," ती म्हणाली, "आणि मीठ वरती मधोमध काढलं, आणि चटणी डाव्या बाजूला काढायला गेले तर चित्रात ती उजवीकडे. कोशिंबीर पण उजवीकडे. भाजी, आमटी डावीकडे. सगळ्यांच्या पानात."

"बंडखोरीचा विस्तार आहे तो," पाटणकर म्हणाले. "जेवणाऱ्याचा हात बदलला, तसं पानही बदललं."

"नाही बदलत ओ सर."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की पाटणकरांना आपल्याला खोडलंय हे कळायला थोडा उशीर झाला.

"आमच्यासाठी कुणी पान उलटं वाढत नाही," ती पुढे म्हणाली. "वाढपी सगळ्यांना सरसकट वाढत जातात. डावी बाजू म्हणजे डावी बाजू. आपण डावखुरे असलो तर आपणच हात आडवा घालून भाजी घ्यायची. ह्यांची पानं उलटी आहेत म्हणजे ही माणसं डावखुरी नाहीतच. चित्रच उलटं आहे."

हे कळल्यावर ती चार दिवस ब्रशला शिवली नव्हती. तिच्या ओळखीची सगळी डावखुरी माणसं एका दुपारीत उजवी झाली होती. मग तिनं चित्र सुलटं केलं, आणि ही पंगत आपल्याला बसू देईल का, हा प्रश्न विचारला. टोकाच्या फितुराला उठवून तिनं त्याच्या जागी स्वतःला बसवलं : शाळेच्या गणवेशात, डाव्या हातानं जेवताना. ती एकटी.

मगदूमांनी यंत्रात आधीपासून भरलेले दोन फोटो पडद्यावर आणले. परगावच्या दोन संग्रहांत याच पंगतीचे फाटके तुकडे होते. त्या काळी चितारी एका कागदावर रेषारेषांनी भोकं पाडून खाका करत आणि त्यावरून कोळशाची पूड फिरवून तेच चित्र पुन्हा पुन्हा उतरवत. हे तुकडे त्याच खाक्यावरून उतरवलेले होते आणि दोन्हींत हात उजवे, चटण्या डावीकडे.

"खाका पलटला तरी भोकं तीच राहतात," मगदूम म्हणाले. "दौलत चिताऱ्यानं तो कागद उलटा ठेवला, एवढंच. बंडखोरी नव्हती, सर. गडबड होती."

 पाटणकरांच्या प्रबंधाला नुकतीच तिसरी आवृत्ती निघाली होती.

"म्हणजे मूळ चित्र सुलटं होतं आणि केतकीनं ते न बघता बरोबर काढलं," मॅडम म्हणाल्या. "मग शून्य का? टोकाला ती स्वतः बसलीय. ती कुठे होती मुळात?"

केतकीही तेच म्हणाली. बाकी सगळं मुळातलं असेल, पण ती शेवटची जागा माझी आहे.

मगदूमांनी यंत्राला त्या एका जागेचा हिशेब मागितला. यंत्रानं उत्तर दिलं : 'टोकाची व्यक्ती. हात डावा, जुळतो. हात पानावरून आडवा, जुळतो. बाहीवर डाग, जुळतो. बदल शून्य.'

"डाग?" मॅडम म्हणाल्या.

"माझ्या बाहीवर काढलाय," केतकी म्हणाली. "आमटीचा. हात आडवा घातला की बाही नेहमी आमटीत जाते. आई दर लग्नानंतर ओरडते."

मगदूमांनी 'राजपंगत' पडद्यावर आणली आणि आरशात बघावी तशी फिरवली. राजाचा हात उजवा झाला. दिवाणांचा उजवा, सगळ्या सरदारांचे उजवे. चटण्या मुकाट्यानं डावीकडे गेल्या. आणि पंगतीच्या डाव्या टोकाला, जिथे कोपर कुणाला लागत नाही म्हणून डावखुऱ्या माणसाला अजूनही बसवतात, तिथे शरणागत डाव्या हातानं जेवत होता. त्याचा हात पानावरून आडवा गेला होता. आमटीच्या द्रोणाला बाही टेकली होती. पश्चात्तापाचा पिवळा डाग बरोबर तिथे होता.

केतकी पडद्याजवळ गेली. ज्याच्याकडे तिनं आजवर बघितलं नव्हतं, त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"हा होता," ती म्हणाली.

पाटणकर उठले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मार्ग काढला आणि तो तर्काला धरून होता. यंत्राच्या निकालावर विद्यार्थ्याला हरकत घेता येते. केतकीनं हरकत घ्यावी. तज्ज्ञ म्हणून ते स्वतः मत देतील, की राजपंगत हेच मूळ, आणि परगावचे तुकडे मागाहून कुणीतरी उलटे उतरवलेले. मग केतकीनं डाव्यांची अख्खी पंगत उजवी केली असं ठरेल, म्हणजे आजवरचं सगळ्यांत मोठं पुनर्कल्पन. डायनासोरच्याही वर. शनिवारची यादी गाठता येईल.

"आणि प्रबंधही वाचेल," मगदूम म्हणाले.

"तोही वाचेल," पाटणकर म्हणाले. "मी नाही म्हणत नाही."

मॅडमनी केतकीला समजावलं, की शून्य पडलं तर पुन्हा चित्र द्यायची एक संधी मिळते, पण ते तपासून येईपर्यंत पहिली यादी गेलेली असेल. पडद्यावर 'हरकत' या शब्दावर बोट टेकवलं, की काम होतं. त्या तिला कुठल्याच बाजूनं ढकलत नव्हत्या. त्यांना स्वतःला काय हवंय हे त्यांनाही नक्की कळत नव्हतं.

"हरकत घेतली तर तो परत उजवा होणार?" केतकीनं विचारलं.

"पुस्तकात तरी होईल," मगदूम म्हणाले.

"मग शून्यच राहू द्या."

"बाळ, अगं, विचार कर," पाटणकर म्हणाले. "सगळी पंगत तुझ्यासारखी असलेली तुला नको?"

"ती नव्हती ना तशी, सर. हा एकटाच होता. त्याला दोनशे वर्षं उजवं राहावं लागलं, वर फितूर म्हणवून घ्यावं लागलं. मी पण म्हणत होते."

 मगदूमांनी निकाल कायम केला. केतकी सरनोबत : शून्य. दौलत चितारी : नक्कल, आणि तीही उलटी. पाटणकरांनी पालक म्हणून सही केली आणि चौकटीत 'पाल्यास समज देण्यात येईल' असं लिहिलं. जाताना दारात थांबून त्यांनी केतकीला विचारलं, की तो पिवळा डाग आमटीचा की कढीचा. ती म्हणाली, रंग बघता आमटीच. त्यांनी मान डोलावली. चौथ्या आवृत्तीसाठी असावं.

दुसऱ्या संधीसाठी केतकीनं नवी पंगत रंगवली. राजा, दिवाण, सरदार, सगळे उजवे. टोकाला त्याच्या जागी तो. या वेळी तिनं त्याला उठवलं नाही. त्याच्या डाव्या हाताला आणखी एक पाट मांडला आणि त्यावर ती बसली. दोन डावखुरी माणसं शेजारी बसली, की कोपराला कोपर लागत नाही. हे तिनं आजवर करून पाहिलं नव्हतं, कारण दुसरं कुणी भेटलं नव्हतं. दोघांच्या बाह्यांवर आमटी होती.

पहिली यादी तोवर लागली होती. दुसरी यादी लागत नाही, असं सगळे म्हणत. वंशमापकानं चित्र घेतलं, आपल्या वंशावळीत मुळाच्या लगेच खाली टांगलं आणि पस्तीस टक्के दिले. पास. कारणाच्या रकान्यात एवढंच होतं : 'बदल एक. पंगतीत जागा वाढवली.'