सोडलेला चेंडू

जाळीमागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ताईने आधी झापलं. पालक ही जमात तिला जाळीच्या इतक्या जवळ चालत नसे.

"मुलगी कुठली तुमची?"

"एकही नाही. अजून लग्नच..." तो अडखळला. "मी अंपायर आहे. नवीन. तुमच्या सरावात बॅटिंगच्या प्लेटमागे उभं राहून नजर तयार करावी म्हणतो. चालेल?"

"गप्प उभे राहणार असाल तर."

तो गप्प राहिला नाही.

ताई एकेकाळी बेसबॉलमध्ये भल्याभल्यांचे चेंडू कुंपणापार धाडायची. गुडघ्याने दगा दिल्यावर ती मुलींना बॅटिंग शिकवू लागली. बॅट धरायला कोणीही शिकवतं; ती चेंडू सोडायला शिकवायची. पुढ्यात जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या प्लेटवरून येईल तो मारायचा, बाहेरून जाईल त्याच्या वाटेला जायचं नाही. क्लबच्या सेक्रेटरींना हे पटत नसे. "मारायचं सोडून पोरींना संन्यास शिकवते," असं ते चारचौघांत म्हणत. मोसमाचा शेवटचा सामना हरलात तर दुसरा कोच, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी ताई समोरून चेंडू टाकी, प्लेटमागे अंपायर ओणवा, मध्ये एक पोरगी. दोन मोठ्या माणसांनी रोज तासभर एकमेकांकडे टक लावून बघावं आणि कोणी काही म्हणू नये, अशी सोय दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल.

"बाहेर!" तो ओरडे.

"आत होता."

"केसभर बाहेर."

"तुम्ही केसांच्या गोष्टी करूच नका!"

पोरी फिदीफिदी हसत. तो टकलावरून हात फिरवत म्हणे, "केसभराची किंमत माझ्याइतकी कोणाला कळणार?"

ताई चेंडू घ्यायला वाकली, ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली. हसू आवरायला वेळ लागतो.

शेवटच्या सामन्याला नेमका अंपायर तोच. शेवटचा डाव, संघ एका धावेने मागे, तिन्ही बेसवर मुली आणि बॅटिंगला सर्वांत लहान टिंगी. एकच चेंडू उरला होता. तो बाहेर ठरला तर न मारताच एक धाव मिळून बरोबरी, स्ट्राइक, म्हणजे प्लेटवरून गेलेला, ठरला तर टिंगी बाद आणि खेळ खलास.

चेंडू आला. टिंगीने बॅट उचलली... आणि रोखली.

"स्ट्राइक!"

"घ्या संन्यास!" सेक्रेटरी गरजले.

बाजूला उभ्या ताईला प्लेटची कड दिसत नव्हती. ती टिंगीपाशी गुडघ्यावर बसली. दुखऱ्याच.

"कुठे होता गं?"

"बाहेर, ताई. बोटभर." डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र पक्का.

"तू म्हणतेस ना? मग बाहेरच."

स्वतः मारलेल्या एकाही चेंडूने ताईची मान कधी इतकी ताठ झाली नव्हती.

तेवढ्यात मास्क हातात घेऊन अंपायर आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "पोर बरोबर आहे. चेंडू बाहेर होता, मी चुकलो. निकाल आता बदलत नाही. पण अशा वेळी असा चेंडू सोडायला वाघाचं काळीज लागतं, आणि शिकवणारीही तशीच लागते."

चूक कबूल करणारा अंपायर सेक्रेटरींनी कधी पाहिला नव्हता. चूक कबूल करणारा पुरुष ताईने. सेक्रेटरींनी घसा साफ केला, "पुढच्या मोसमातही हेच शिकवा मग," असं पुटपुटले आणि लगबगीने निघाले.

मैदान रिकामं झाल्यावर बॅटा गोळा करता करता ताईने विचारलं, "नजर तर चांगली आहे तुमची. मग आज काय झालं?"

"चेंडू सुटला तेव्हा वाटलं, बाहेर जाऊ दे... इतकं मनापासून वाटलं, की घाबरलो. तुमच्या बाजूने देतोय असं व्हायला नको, म्हणून—"

"म्हणून माझ्या पोरीचा बळी?"

"हो. तिची माफी मागितली. ती म्हणाली, तुम्हाला अजून सराव हवा."

ताईने ओठ घट्ट मिटले.

"आणि असोसिएशनला फोन केला," तो म्हणाला. "तुमच्या संघाच्या सामन्यांना यापुढे मला लावू नका म्हटलं."

"का?"

"नियमच आहे. नात्यातलं कोणी असेल तर अंपायरने उभं राहायचं नाही."

"नात्यातलं? कोण कोणाचं?"

"ते... तुम्ही ठरवायचं राहिलंय."

ताईने बॅटांची जड पिशवी उचलली आणि सरळ त्याच्या खांद्यावर अडकवली.

"घरी चला. आई दारातच विचारेल, हे कोण? तेव्हा असं अडखळायचं नाही."