चहाची फळी

बस तिच्या अंगणात शिरली ती पाठमोरी.

ती दाराला रंधा मारत होती. फाटकातून एक जुनीपुराणी बस मागे मागे येत थेट लाकडांच्या थप्पीशी थांबली आणि बंदच पडली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"फक्त वळवून घेत होतो... लगेच निघतो."

लगेच म्हणता म्हणता तीन तास गेले. शेवटी तिलाच दया आली आणि तिने चहा दिला. चहाबरोबर सगळी कहाणी बाहेर आली. ही बस त्याच्या बाबांनी सव्वीस वर्षं चालवली होती. जगाला हिंडवलं, पण स्वतःच्या बायकोला कुठे म्हणून नेलं नाही. बस भंगारात निघाली तेव्हा बापलेकांनी तीच विकत घेतली. आता तिचं फिरतं घर करायचं आणि आईला मनसोक्त फिरवायचं.

"एक चांगला सुतार शोधतोय," तो म्हणाला.

"मग इतका वेळ चहा कोणाकडे पिताय?"

त्याने तिच्या केसांतला भुसा पाहिला, कानामागची पेन्सिल पाहिली... आणि पाहतच राहिला.

वडील गेल्यापासून तिच्याकडे लोक मोडक्या खुर्च्या आणत. अख्खं घर कुणी सोपवलं नव्हतं. म्हणून या कामात तिने जीव ओतला. वडिलांच्या लेव्हलच्या, म्हणजे सपाटी तपासायच्या पट्टीच्या, नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये आल्याशिवाय ती एक स्क्रू पिळत नसे. तो शेजारी इंजिन उघडून बसे. दुरुस्ती काही संपत नव्हती आणि घाई दोघांनाही नव्हती.

"मिस्त्रीबाई, बुडबुड्याकडे एवढं टक लावून बघता... माणसांकडे बघता का कधी?"

"माणसं एका जागी थांबत नाहीत."

"मी थांबलोय की. दीड महिना झाला!"

तिने मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

मग चाचणीचा दिवस आला. आई-बाबा नटूनथटून आले. बस अंगणातून सपाट रस्त्यावर आली मात्र, बसमधल्या नव्या ओट्यावरचा कप घसरत गेला आणि फुटला. नव्या पलंगावर ऐटीत बसलेली आई हळूहळू भिंतीला जाऊन टेकली. बाबांनी खाली उतरून आधी बस पाहिली, मग मागे वळून अंगण.

"पोरी, तुझं अंगण उताराचं आहे गं."

तिचा चेहरा उतरला. पावसाचं पाणी अंगणात कुठून कुठे वाहतं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी कलत्या बसमध्ये तिने सगळं बुडबुड्याच्या हिशेबाने सरळ केलं होतं. बस सरळ झाली आणि घर तिरकं झालं.

तो मात्र गालातल्या गालात हसत होता. तिने ते पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्याच दिवशी कळलं... म्हटलं, पुन्हा करावं लागलं तर आणखी महिनाभर..."

"माझं पहिलं घर होतं हे!" तिचा आवाज फुटला.

त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. आईने त्याचा कान धरला, आणि बरंच केलं.

बस पुन्हा अंगणात आली. दुसऱ्या दिवसापासून तो भल्या सकाळी यायचा. स्वतःच्या हाताने एकेक स्क्रू काढायचा, आता बसच्या तळाला समांतर, ती सांगेल तिथे फळी धरायचा. चहा मागायचा नाही. अकराव्या दिवशी फळीआडून आवाज आला.

"चुकलो मी. तुम्ही जीव ओतलेलं काम, आणि मी त्याचा खेळ केला. इथून जाववत नव्हतं... पण ते सरळ सांगायला हवं होतं."

ती स्क्रू पिळत राहिली. पण त्या दुपारी चहाचे दोन कप आले.

निघायच्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटजवळ त्याला एक छोटी, नवी फळी दिसली. तिने त्यावर भरलेला कप ठेवला. चहा जरासुद्धा हिंदकळला नाही.

"जा. आईंना सगळं दाखवा."

तिला रडू येत होतं, म्हणून लेव्हल उचलून ती भरभर फाटकाशी गेली. बस सपाट रस्त्याला लागली आणि कप घसरून सगळा चहा त्याच्या मांडीवर! करकचून ब्रेक लागला. तो रिकामा कप हातात घेऊन, पँट झटकत धावत आला.

"अहो, ती फळी तिरकी आहे!"

"इथे सरळ होती."

"इथे होती, पण..." तो थांबला. त्याने उताराचं अंगण पाहिलं, तिच्या हातातली लेव्हल पाहिली. "म्हणजे... मला चहा हवा असेल तर..."

"तर परत यावं लागेल."

"हे तोंडाने सांगता आलं नसतं?"

"तू तरी कुठे वेळेवर सांगितलंस?" तिचे डोळे भरले होते, तरी ती हसत होती. "मला तू हवा आहेस. पण आधी आईंना फिरवून आण."

खिडकीतून आईचा आवाज आला, "महिन्याभरात आणून सोडते गं याला! तोवर त्याला पाणीच पाजते."

तो निघाला, चार पावलांवरून परत आला आणि रिकामा कप तिच्या हातात ठेवला.

"हा इथेच असू दे," तो म्हणाला.