दर्यापूर रस्त्यावरचा ठिपका

जीपच्या मागच्या सीटखाली चाचपताना फौजदार गीतांजलीच्या हाताला ट्रॅकर लागला. काडेपेटीएवढा, वर हळदीकुंकू. मोटार गायब, आणि तिचा ट्रॅकर दर्यापूर-अमरावतीच्या शेअर जीपमध्ये! आता बोला!

काल दुपारपासून मोबाइलवरचा ठिपका याच रस्त्यावर येरझारा घालत होता आणि पोलीस त्याच्या मागे धावत होते.

"मले काय मालूम मॅडम? दिवसभर लोकं चढतात, उतरतात," जीपवाले नत्थुजी म्हणाले. खरंच होतं ते.

ट्रॅकर आतल्या बॅटरीवर चालू होता. वायर तोडलेली नव्हती. नीट सोडवून टोकाला काळी टेप गुंडाळली होती, मोटर वाइंडिंगवाले गुंडाळतात तशी. चोराला एवढी सवड कुठली?

दर्यापुरात गाडीमालक किसनराव ओट्यावरच बसले होते.

"सापडली का? परवा पोरीले अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणाचं हाय. पयलं बायंतपण. नातीले माह्याच गाडीत आणीन, मीच चालवीन. जावयाले सांगून ठेवलं."

"ट्रॅकर कुठं बसवलाय, कोणाकोणाला माहीत होतं?"

"दसऱ्याले गाडीसंगं त्याचीबी पूजा केली ना. साऱ्या गल्लीनं पायलं."

गीतांजलीनं कपाळावर हात मारला. लपवून ठेवायची वस्तू, आणि तिची चारचौघांत पूजा! म्हणजे सगळी गल्लीच संशयित.

"किल्ल्या?"

"एक खुंटीवर हाय. दुसरी मांगच्या आठवड्यात हरवली."

"ट्रॅकर सोडवला की मालकाला मेसेज जातो. आला होता?"

"काहीच नाही आला! मंग कायच्या कामाचा तो? झक मारली अन् बसवला."

"फोन दाखवा."

किसनरावांनी खिशातून फोन काढला आणि त्याच्याकडे न बघताच बायकोपुढे धरला. "पाय बरं व."

कौशल्याबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला होता. तो घ्यायला किसनरावांचा हात कपाच्या बाजूनं दोनदा फिरला. गीतांजलीनं फोन मधेच आपल्याकडे घेतला. मेसेज होता. काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांचा. उघडून वाचलेला.

"दोन वाजता कुठं होता तुम्ही?"

"जेवून झोपलो होतो."

गीतांजली कौशल्याबाईंकडे वळली. "गाडी कुठं आहे, काकू?"

कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ट्रॅकरनं त्याचं काम चोख केलं," गीतांजली म्हणाली. "मेसेज पाठवला. पण या घरात मेसेज तुम्हीच वाचता, कारण काकांना अक्षरं दिसत नाहीत. त्यांना समोरचा कपही दिसला नाही. हरवलेल्या किल्लीनं गाडी उघडली, म्हणून काचही फुटली नाही. टेप मात्र सरावाच्या हाताची आहे. कोण आहे तो?"

"माहा भाऊ, उत्तमराव. तिवस्याले पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग करते. ट्रॅकर जीपमंदी त्यानंच टाकला. गाडी त्याच्याच ढोरायच्या कोठ्यात हाय."

"काहून व?" किसनराव ओरडले.

"मंग काय करू? साखरेनं डोयाचे पडदे गेले तुमचे! डाक्टरनं बजावलं, गाडी चालवू नका म्हणून. त्या दिवशी शायेतली पोरगी हातभरानं वाचली, अन् तुमाले ती दिसलीच नाही! बोल्ली, रडली, किल्ली लपवली. आयकता का कोनाचं? परवा त्या गाडीत माही लेक अन् चार दिवसाची नात बसली असती."

गाडी किसनरावांची, लायसन चालू. कायद्यानं ती त्यांना परत द्यायलाच हवी होती. गीतांजलीनं तसं सांगितलंही, पण सांगताना तिची तिलाच चीड आली.

किसनराव आता आकाशपाताळ एक करतील, असं दोघींना वाटलं. पण त्यांनी चाचपत समोरचा कप शोधला आणि बाजूला सारला.

"राहू द्या तिथंच," शेवटी ते म्हणाले. "भाड्याची करू परवा." मग त्यांनी मघाच्या आवाजाच्या अंदाजानं गीतांजलीकडे तोंड वळवलं.

"ताई, नातीचं तोंड तरी दिसन का मले?"